अमावास्येचा आनंदबाजार

सर्वपित्री अमावास्येला माणसाने आनंद करावा का? आमच्या सातारा भागात हा प्रश्न कुणी विचारतच नाही. म्हाळाच्या पंधरवड्यात लग्नाची बोलणी होत नाहीत, नव्या घराची चौकट बसत नाही, सोनं घेतलं जात नाही. अमावास्येला तर घर सकाळपासून दबक्या आवाजात बोलतं. वडे, खीर, कढी, गवारीची आणि भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी असं पान वाढून होतं, कावळ्यासाठी घास बाहेर ठेवला जातो आणि मगच घरचे जेवायला बसतात.

शांतिनिकेतनात नेमक्या त्याच दिवशी आनंदबाजार भरतो. बंगालीत त्या दिवसाला महालया म्हणतात. दुपार कलली की गौरप्रांगणात विद्यार्थी आपापले ठेले मांडतात, हाताने केलेले खाद्यपदार्थ, रंगवलेले कापड, मातीचे दागिने विकतात, गिऱ्हाइकाला हाका मारमारून घसा बसवून घेतात. दुर्गापूजेच्या सुट्टीआधीचा तो शेवटचा दिवस. त्याच्या आधी काही संध्याकाळी शारदोत्सव चालतो, नाट्यघरात एकेका भवनाचं, म्हणजे विभागाचं, नाटक होतं. आनंदबाजाराने त्याची सांगता होते.

मी तिथल्या संगीत भवनात एसराज हे तंतुवाद्य शिकत होते. माझे वडील मी तिथे जाण्याआधीच्या वर्षी गेले होते, आणि तिथी अमावास्येचीच. त्यामुळे त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीलाच येतं. पहिल्याच वर्षी आम्ही मराठी मुलामुलींनी थालीपिठांचा ठेला लावायचं ठरवलं. भाजणी आईनेच पाठवली होती. त्या दुपारी तिचा फोन आला तेव्हा माझे हात भाजणीने माखलेले होते आणि शेजारी कुणीतरी ढोल वाजवत होतं. दादा पिंडदान करून उठला होता. आई रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, “बाई, आजच्या दिवशी एवढा गलका कसला गं?” मला तिला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला मला पुष्कळ काळ लागला, आणि आज ते मांडावंसं वाटतं, कारण हा प्रश्न माझ्या घरापुरता नाही. कला आणि उत्सव यांचं आपल्या धर्माशी नातं काय, हाच तो प्रश्न आहे.

आधी हे सांगायला हवं की शांतिनिकेतनात शरद ऋतूचा उत्सव आहे, पण दुर्गापूजा नाही. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकुर यांनी 1888 साली केलेल्या न्यासपत्राने आश्रमात मूर्तिपूजेला मनाई केली, आणि कुणाच्याही धर्माची वा दैवताची निंदा करायलाही. 1891 साली उभ्या राहिलेल्या काचेच्या उपासनागृहात आजही मूर्ती नाही. पुढे रवींद्रनाथांनी 1901 साली शाळा काढली आणि तिच्या वर्षाला ऋतूंचे सण लावून दिले: पावसाळ्यात वर्षामंगल आणि वृक्षारोपण, शरदात शारदोत्सव, फाल्गुनात वसंतोत्सव. घटस्थापनेत वाढलेल्या मला आधी हे रितं वाटलं. घट नाही, आरती नाही, प्रसाद नाही. मग उत्सव कुणाचा?

त्याचा उलगडा मला एका नाटकातून होत गेला. रवींद्रनाथांचं ‘शारदोत्सव’ 1908 सालचं. शाळेतल्या मुलांनी सुट्टीआधी करावं म्हणून लिहिलेलं. मुलांना सुट्टी लागली आहे, ती ठाकुरदादांना घेऊन वेतसिनी नदीच्या काठी हुंदडायला निघाली आहेत. एक मुलगा मात्र खेळत नाही. त्याचं नाव उपनंद. त्याला आसरा देणारे त्याचे गुरू, वीणावादक सुरसेन, कर्ज डोक्यावर असताना वारले. सावकार आहे लक्षेश्वर, लपवलेल्या धनाच्या काळजीने ज्याला झोप लागत नाही असा. उपनंद पोथ्यांच्या नकला करून गुरूचं देणं फेडतो आहे. वाटेवर भेटलेला संन्यासी, जो खरं तर वेष पालटलेला राजा आहे, त्या मुलाजवळ बसतो आणि स्वतःही नक्कल करायला घेतो. मग खेळायला निघालेली पोरंही बसतात. नाटकातला शरदाचा उत्सव तो हाच. नाचणाऱ्या मुलांपेक्षा त्या लिहिणाऱ्या मुलाचा शरदाशी अधिक जवळचा संबंध आहे, असं रवींद्रनाथांनी पुढे स्वतः समजावून सांगितलं. निसर्गाला जे मिळालं ते तो शरदात रूप होऊन परत करतो. उपनंदही प्रेमाने मिळालेलं कष्टाने परत करतो आहे, म्हणून त्याची सुट्टी सर्वांत खरी. 1921 साली त्यांनी या नाटकाला नवं रूप दिलं तेव्हा नावच ठेवलं ‘ऋणशोध’, म्हणजे ऋणाची फेड.

हे वाचताना मला बाबांची भजनाची वही आठवली. बाबा गावच्या भजनी मंडळात पेटी धरत. त्यांनी आपल्या गुरुजींच्या जीर्ण वहीवरून अभंग उतरवून काढले होते. निळ्या शाईत चरण, लाल शाईत ध्रुवपद, समासात रागाचं नाव आणि पट्टी. पानं शंभराच्या वर. दिवसभर शाळेत शिकवून आलेला माणूस रात्री कंदिलाशी बसून हे का करतो, हे लहानपणी कळत नव्हतं. गुरुजींनी कधी एक पैसा घेतला नव्हता आणि बाबांनी तो कधी दिलाही नव्हता. देणं होतं, पण ते गुरुजींना परत करता येण्यासारखं नव्हतं. ते पुढच्या कुणाच्या तरी गळ्यात उतरवूनच फिटणार होतं.

आपल्या परंपरेत ऋणाचा विचार फार जुना आहे. तैत्तिरीय संहिता म्हणते की ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो. ऋषींचं ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटतं, देवांचं यज्ञाने आणि पितरांचं संततीने. शतपथ ब्राह्मण आणखी पुढे जातं. तिथे जो कुणी आहे तो ऋणीच जन्मतो, आणि देव, ऋषी, पितर यांच्या जोडीला माणसांचंही ऋण येतं, अतिथीला आसरा आणि अन्न देऊन फिटणारं. तिथेच अध्ययन केलेल्या माणसाला ऋषींच्या ठेव्याचा राखणदार म्हटलं आहे. बाबांच्या वहीला याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही.

आता यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो मी स्वतःशी पुष्कळ वेळा घेतला आहे. प्रेमाला ऋण म्हटलं की त्याचा हिशेब होतो. आईने दूध पाजलं, गुरूने सूर दिला, हे सगळं खतावणीत मांडायचं का? आणि कला जर कुणाची परतफेड असेल तर ती मोकळी कशी राहील? ज्या कवीने उपयुक्ततेच्या जाचाविरुद्ध आयुष्यभर लिहिलं, त्याने मुलांच्या सुट्टीत कर्ज का आणून बसवावं?

उत्तर नाटकातच आहे, फक्त लक्षेश्वर आणि उपनंद यांना शेजारी शेजारी ठेवून पाहावं लागतं. कर्जाचा विचार दोघेही करतात. लक्षेश्वराला आठवतं ते येणं, उपनंदाला आठवतं ते देणं. येणं मोजणाऱ्याला सगळं जग चोर वाटतं, त्याला सुट्टी कधीच लागत नाही. देणं ओळखणारा मुलगा मात्र कुणाला भीत नाही, कारण त्याच्याकडून कुणी काही हिरावून घेऊ शकत नाही. गुरूचं कर्ज शिष्याने फेडावं, असा कायदा नव्हता. उपनंद पाठ फिरवून जाऊ शकला असता. मागणारा नसताना, किंवा मागणाऱ्याचा हक्क नसताना जे फेडलं जातं, ते फेडताना माणूस पुरता मोकळा असतो. हिशेब ठेवायचा तर तो आपल्या देण्याचा ठेवावा. तसा हिशेब प्रेमाला मारत नाही, जागं ठेवतो.

या नाटकामागे आणखी एक गोष्ट आहे. रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ. 1907 च्या सुरुवातीला आश्रमातल्या मुलांना ऋतूंची सोंगं देऊन ऋतूत्सव केला तो या मुलाने. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंगेरला कॉलऱ्याने तो गेला, अवघ्या दहा-अकरा वर्षांचा. त्याआधी पाच वर्षांत रवींद्रनाथांची पत्नी, एक मुलगी आणि वडील गेले होते. शमी गेल्यानंतरच्या पहिल्याच शरदात बापाने जे लिहिलं ते शोकनाट्य नव्हतं. नदीकाठी सुट्टी साजरी करणाऱ्या मुलांचं नाटक त्याने लिहिलं आणि मुलांकडून करवून घेतलं. त्याच्या मनात तेव्हा काय होतं, यावर मी बोलणार नाही. पण मुलाने सुरू केलेला ऋतूंचा खेळ बापाने पुढे नेला, एवढं तर समोर आहे. पितृऋण खालून वर जातं असं आपण धरून चाललो आहोत. इथे बाप मुलाचं देणं लागतो आणि दुसऱ्यांच्या मुलांना आनंद देऊन ते फेडतो. हे तर्पणच आहे. फरक इतकाच की इथे पाण्याच्या जागी गाणं आहे.

म्हणून आईच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: गलका पितरांच्या विरोधात नाही, तो कशासाठी आहे ते पाहावं. महालयाच्या पहाटे चार वाजता आमच्या वसतिगृहात रेडिओ लागे, वीरेंद्रकृष्ण भद्रांच्या आवाजातली ‘महिषासुरमर्दिनी’. 1930 च्या दशकापासून बंगाल या आवाजाने उठत आला आहे. ज्यांच्या घरी तर्पण असे त्या मुली डोळे पुसत घरी फोन करत. दुपारी त्याच मुली ठेल्यावर घुगनी विकायला उभ्या. संध्याकाळी गल्ला मोजायला बसलो की चुरगाळलेल्या, तेलकट नोटा सरळ करून दहाच्या, वीसच्या गड्ड्या लावायच्या. नफा कुणी वाटून घेत नाही, तो गरजूंच्या सेवेसाठी जातो. अन्न शिजवायचं, अनोळखी माणसाला हाक मारून खाऊ घालायचं आणि मिळालेलं तिसऱ्याला द्यायचं. शतपथाने सांगितलेलं माणसांचं ऋण याहून वेगळ्या रीतीने कसं फेडतात?

नाट्यघरातही याचीच खूण दिसे. नाटक संपलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, ‘साधु, साधु’ म्हणायचं, अशी तिथली जुनी रीत. टाळी नटाला मिळते, त्याची कमाई होते. ‘साधु’ म्हणताना मात्र जे घडलं त्याला आपण मान देतो, आणि करणारा व पाहणारा दोघेही त्याचे ऋणी ठरतात.

एक देणं मात्र आनंदाच्या गडबडीत सहज विसरलं जातं, ते म्हणजे आपल्यामागे भांडी घासणाऱ्यांचं, अंगण झाडणाऱ्यांचं. 1915 साली गांधीजी शांतिनिकेतनात आले तेव्हा त्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. स्वयंपाक आणि सफाई विद्यार्थी-शिक्षकांनी स्वतः करावी, असा त्यांचा आग्रह. आपले काका कालेलकर तेव्हा तिथेच होते. रवींद्रनाथांनी त्या प्रयोगाला मोकळ्या मनाने पाठिंबा दिला. त्याची आठवण म्हणून 10 मार्चला तिथे ‘गांधी पुण्याह’ पाळतात आणि त्या दिवशी मुलं-शिक्षक झाडू धरतात. मला वाटतं, शारदोत्सवाला पुरं करणारा दिवस तो. ज्याच्या श्रमावर आपली सुट्टी उभी आहे त्याचं देणं न ओळखता केलेला उत्सव लक्षेश्वराच्या बाजूला जातो.

आता मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात संगीत शिकवते. आमच्याकडेही भाद्रपद-आश्विनातच युवा महोत्सवाची धावपळ असते. एकांकिका, लोकनृत्य, समूहगान, मूकनाट्य. मुलं विचारतात, “मॅडम, सर्टिफिकेट मिळेल ना? याचे मार्क धरतात का?” त्यात त्यांचा दोष नाही. प्रत्येक गोष्टीचं येणं काय, हे विचारायला आपणच त्यांना शिकवलं आहे. पण त्याच तालमीत मी दुसरंही पाहते. तीन वर्षांपूर्वी पास झालेला, आता कराडला कारखान्यात पाळी करणारा मुलगा सुट्टी टाकून येतो, नव्या पोरांचे उच्चार घासून घेतो, नेपथ्याच्या फळ्या उचलतो आणि रात्रीच्या एसटीने परत जातो. त्याचं नाव कुठल्या प्रमाणपत्रावर लागणार नाही. विचारलं तर म्हणतो, “मला शिंदेसरांनी असंच शिकवलं होतं.” तालुक्याच्या गावातला हा मुलगा उपनंदच आहे, आणि तो प्रत्येक कॉलेजात असतो.

म्हणून मी तालीम सुरू करण्याआधी मुलांना एक काम देते: तुम्ही जे सादर करणार आहात ते कुणाकडून तुमच्यापर्यंत आलं, ते लिहून आणा. ओवी आजीकडून, हलगीचा ठेका गल्लीतल्या कुणा काकांकडून, अभिनयाची आवड दशावतार दाखवायला नेणाऱ्या मामाकडून. ती नावं मग प्रयोगाच्या आधी मंचावरून वाचतो. त्यांतली बरीच माणसं हयात नसतात. गेल्या वर्षी आमचा कार्यक्रम पितृपक्षात आला तेव्हा एका पालकाने तारीख बदलायला सांगितली. मी त्यांना ही नावांची यादी दाखवली आणि म्हटलं, आम्ही पितरांनाच बोलावतो आहोत. ते आले, पुढच्या रांगेत बसले.

देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्यालाही एकत्र बसता येईल अशी धर्माची एक जागा मला यात दिसते. आपण कुणाचे तरी आहोत, एवढं कबूल केलं की त्या जागेत शिरता येतं. श्राद्ध ही त्या कबुलीची एक रीत आहे, आणि ती मला प्रिय आहे. दादा ती दरवर्षी निष्ठेने करतो. मुलगी म्हणून पिंड द्यायला मला कुणी बसवलं नाही. पण बाबांच्या वहीतले अभंग मी मुलांना शिकवते, चालीसकट, त्यांनी लिहिलेल्या पट्टीत. ती मुलं मोठ्याने, आनंदाने आणि कधी बेसूरही गातात. माझं श्राद्धकर्म हेच आहे, आणि अमावास्येलाही ते करायला मला कुणाची परवानगी लागत नाही.