नदीचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत औदार्य आहे. जो आज वंदनीय ठरला आहे तो कोठून आला याची चौकशी करून त्याचे मोठेपण कमी करू नये, हा तिचा सरळ अर्थ. पण म्हणीला दुसरीही एक बाजू आहे आणि ती तितकीशी उदार नाही. मूळ शोधू नये असे सांगणारा कधी कधी मुळाशी असलेल्या माणसांचे देणे टाळू पाहत असतो.

आम्हांला हे सुचले ते एका साध्या प्रसंगावरून. गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या श्रवणसंध्येत नेहमीच्या नाट्यपदांऐवजी दक्षिण अमेरिकेतील टँगो संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवल्या गेल्या. कार्यक्रम संपल्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "एके काळचे हे बदनाम वस्तीतले संगीत. पण आता साऱ्या जगाने डोक्यावर घेतले आहे, तेव्हा ऐकायला हरकत नाही." त्यावर मागच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारले, "अहो, पण ज्यांनी ते घडवले त्यांना कुणी डोक्यावर घेतले का?" त्या क्षणी कोणालाच उत्तर सुचले नाही. चहा आला आणि विषय राहून गेला. तो येथे पुन्हा हाती घ्यावा असे वाटते. कारण घरच्या प्रश्नाचा निवाडा पुष्कळदा दूरच्या उदाहरणावरून अधिक निर्मळपणे करता येतो.

टँगो ही अक्षरशः एका नदीची कला आहे. रिओ दे ला प्लाता या विस्तीर्ण नदीमुखाच्या एका काठाला अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयर्स वसली आहे आणि दुसऱ्या काठाला उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन बंदरांवर युरोपातून माणसांचे लोंढे येऊन थडकले. १८६९ च्या जनगणनेत अर्जेंटिनाची लोकसंख्या सुमारे १८ लाख होती. १९१४ मध्ये ती ७८ लाखांच्या वर गेली आणि त्या वर्षी ब्युनॉस आयर्समधला जवळजवळ दर दुसरा माणूस परदेशात जन्मलेला होता. इटालियन आणि स्पॅनिश सर्वांत अधिक, त्यांच्या जोडीला पूर्व युरोपातले ज्यू आणि इतर अनेक. यांतले पुष्कळसे एकटे पुरुष होते. मोठ्या वाड्यांची जशी आपल्याकडे बिऱ्हाडे झाली, तशीच तेथील जुन्या घरांची एकेका खोलीची बिऱ्हाडे झाली आणि मधले अंगण सर्वांचे सामाईक राहिले. त्या अंगणांत टँगोचे बाळपण गेले.

परंतु नदीकाठ काही मोकळा पडलेला नव्हता. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांची वस्ती तेथे पूर्वीपासून होती. १७७८ च्या शिरगणतीत ब्युनॉस आयर्समधील सुमारे तीस टक्के लोक आफ्रिकी वंशाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी 'टँगो' हा शब्द या लोकांच्या मेळाव्यांना आणि तेथील नाचाला उद्देशून वापरला जात असे. त्यांचे ढोलांच्या तालावरचे नृत्य ते कांदोंबे. पंपास या गवताळ प्रदेशातून गिटारवर गायिली जाणारी मिलोंगा शहरात आली. क्यूबातून हाबानेरा आला. त्याच्या स्वतःच्या ठेक्यातही युरोप आणि आफ्रिका आधीच एकमेकांत मिसळलेले होते. आज ज्याच्यावाचून टँगो ओळखू येत नाही ते बॅन्डोनिऑन तर जर्मन वाद्य. क्रेफेल्ड गावच्या हाइनरिश बांड या वाद्यविक्रेत्याच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. ते नदीकाठी पोहोचले, बासरीची जागा त्याने घेतली, आणि टँगोची चाल संथ व गंभीर होण्यात त्याच्या करुण स्वराचा वाटा मोठा राहिला. ज्याला निखळ मूळ म्हणावे असा एकच झरा येथे सापडत नाही.

आता बदनामीविषयी. टँगो वेश्यावस्तीत जन्मला असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. गरीब घरांची अंगणे, नाटकगृहे आणि रस्त्यांवरून फिरणारी पेटीवाद्ये यांनीही तो वाढवला. त्याच्या छापील स्वरलिपी बऱ्याच लवकर मध्यमवर्गीय घरांतल्या पियानोंवर जाऊन पोहोचल्या होत्या. तथापि वेश्यागृहांचा भाग वगळूनही चालणार नाही. युरोपातून फसवून आणलेल्या स्त्रियांचा व्यापार ब्युनॉस आयर्समध्ये चालत असे. फ्रेंच पत्रकार आल्बेर लोंद्र याने १९२७ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. ज्या दिवाणखान्यांत वादक वाजवीत बसत, त्यांच्या मागच्या खोल्यांत कोणाचे तरी आयुष्य विकले जात होते. ही गोष्ट चाकूबहाद्दरांच्या रंगतदार दंतकथांत बुडून जाते. गुंडाला दंतकथेत नाव मिळते; त्या स्त्रीला बहुधा मिळत नाही.

अर्जेंटिनाच्या प्रतिष्ठितांनी या कलेकडे आरंभी पाठ फिरवली. कवी लेओपोल्दो लुगोनेस याने तिला वेश्यागृहाची संतती मानले. मग १९१३ च्या सुमारास पॅरिसला टँगोचे वेड लागले. त्या वर्षी जर्मन कैसरने गणवेशातील अधिकाऱ्यांना हा नाच करण्यास मनाई केली आणि जानेवारी १९१४ मध्ये पॅरिसच्या कार्डिनलांनी त्याचा निषेध केला. पॅरिसमधील अर्जेंटिनाच्या राजदूताला तर आपल्या देशाची ओळख या नाचावरून व्हावी हीच नामुष्की वाटत होती. पण पॅरिसने पसंती दिल्यावर घरच्यांच्या नजरेतही फरक पडला. परदेशात वाहवा झाल्यावर घरच्या गुणाची किंमत कळणे हा अनुभव आपल्यालाही अपरिचित नाही.

या स्वीकारामुळे कलेचे भले झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९१७ मध्ये कार्लोस गार्देल याने 'मी नोचे त्रिस्ते' हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि टँगो नाचण्याबरोबरच ऐकण्याची गोष्ट झाली. १९३५ ते १९५५ या दोन दशकांत त्रोइलो आणि पुग्लिएसे यांच्यासारख्यांच्या वाद्यवृंदांनी त्याला जी उंची दिली ती अंगणात मिळाली नसती. प्रतिष्ठेने कलेला वेळ, पैसा आणि शिक्षण दिले. प्रश्न आहे तो तिने त्याची कोणती किंमत घेतली हा.

एक उदाहरण पाहू. टँगोची गीते 'लुनफार्दो' या ब्युनॉस आयर्सच्या बोलीत रुजली होती. या बोलीत इटालियन शब्दांची रेलचेल, बंदरावरच्या आणि तुरुंगातल्या शब्दांची भर. १९४३ मध्ये सत्तेवर आलेल्या लष्करी राजवटीने भाषाशुद्धीच्या नावाखाली नभोवाणीवर या बोलीला बंदी केली. गीतांचे शब्द बदलले गेले, काहींची शीर्षकेसुद्धा बदलली गेली. पुढे १९४९ च्या सुमारास बंधने सैल झाली. ज्या बोलीत स्थलांतरितांनी आपले दुःख प्रथम मांडले, तीच त्यांच्या गाण्यात अशुद्ध ठरावी, याचा सल त्या गीतकारांना किती लागला असेल याची कल्पना आपण करू शकतो.

दुसरे उदाहरण अधिक मूक आहे. 'एल एन्त्रेरियानो' हा प्रारंभीच्या नावाजलेल्या टँगोंपैकी एक. तो १८९७ मध्ये रचला रोसेंदो मेंदिसाबाल या आफ्रिकी वंशाच्या पियानोवादकाने. मिलोंगा गाणाऱ्या शीघ्रकवींत ज्याचे नाव सर्वांत गाजले तो गाबिनो एसेइसाही आफ्रिकी वंशाचा. तरीही विसाव्या शतकात अर्जेंटिना स्वतःला युरोपीय वंशाचा देश म्हणवू लागला, तशी टँगोच्या लोकप्रिय कथेतून ही माणसे मागे मागे सरकत गेली. कलेतली अशुद्धे गाळतो आहोत असे म्हणता म्हणता माणसे गाळली गेली.

तर मग म्हण चुकीची, आणि मूळ शोधायलाच हवे, असे म्हणून थांबता येईल का? आम्हांला तसे वाटत नाही. कारण मुळाचा अभिमान धरणाऱ्यांनीही कमी अन्याय केलेला नाही. आस्तोर पिआझोला १९२१ मध्ये मार देल प्लाता येथे जन्मला. आजीआजोबा इटलीहून आलेले, बाळपण न्यूयॉर्कमध्ये गेलेले. त्रोइलोच्या वाद्यवृंदात वाजवून झाल्यावर १९५४ मध्ये तो पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकायला गेला. टँगो आपण मागे टाकला असे तो मानत होता. खरा पिआझोला टँगोतच आहे, हे त्या बाईंनी त्याला दाखवून दिले. परतल्यावर १९५५ मध्ये त्याने आठ वादकांचा संच उभारला आणि त्यात विद्युत गिटार घेतली. हा टँगोच नव्हे, असा गिल्ला परंपरावाद्यांनी केला. जर्मन वाद्य ज्या परंपरेने जिवाभावाचे मानले, त्या परंपरेला आणखी एक परके वाद्य सोसवेना! एकदा आत शिरलेल्याने मागून येणाऱ्यासाठी दार लावून घ्यावे, तसाच हा प्रकार होता.

मालकीचे वादही असेच. गार्देलचा जन्म १८९० मध्ये फ्रान्समधील तुलूज येथे झाल्याची नोंद आहे. उरुग्वेचे लोक तो ताक्वारेम्बोचा असे म्हणत आले. 'ला कुम्पार्सिता' ही जगातील बहुधा सर्वांत परिचित टँगोरचना माँटेव्हिडिओच्या हेरार्दो मातोस रोद्रिगेस या तरुण विद्यार्थ्याची. उरुग्वेने १९९८ मध्ये कायदा करून तिला आपले सांस्कृतिक गीत ठरवले, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाचा चमू तिच्या सुरांवर चालला तेव्हा तक्रार केली. अखेर २००९ मध्ये दोन्ही देशांनी मिळून टँगोची नोंद युनेस्कोच्या वारसा-यादीत करवली. त्याच वर्षी उरुग्वेच्या कांदोंबेचीही स्वतंत्र नोंद झाली. काकूंच्या प्रश्नाला जगाने दिलेले थोडेफार उत्तर असेल तर ते एवढेच. आणि तेही फार उशिरा आलेले.

म्हणजे मूळ विसरणारा ऋण बुडवतो आणि मुळाचा पहारेकरी वारसाला हाकलतो. या दोहोंमधून वाट आहे का? आम्हांला ती नाचाच्या रिवाजांतच दिसते. टँगोची सभा भरते तिलाही मिलोंगाच म्हणतात. तेथे पुरुष स्त्रीला हात धरून ओढत नाही. दुरून नजर भेटते, तो मानेने किंचित खूण करतो, तिने मान डोलावली तर दोघे उठतात. तिने नजर वळवली तर कोणाचाच अपमान होत नाही. सर्व जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात आणि पुढच्याला धक्का न लावता आपली जागा राखतात. पावले आधी ठरलेली नसतात. ती त्या क्षणी एकमेकांच्या चाहुलीने सुचतात. तीन-चार गीते झाली की जोडी सुटते. तेथे कोणी कोणाला कूळ विचारीत नाही. परंतु आधीच्यांनी घालून दिलेली शिस्त मात्र प्रत्येक जण पाळतो. जुन्यांचे ऋण मान्य करूनही नव्याला जागा कशी द्यावी, याचा हा आम्हांला दिसलेला उत्तम नमुना.

आता घराकडे वळू. ज्या नाट्यसंगीतावर आपल्या पिढ्या वाढल्या, त्याची पेटी युरोपातून आलेली. परकी म्हणून आकाशवाणीने तिला १९४० पासून तीन दशके दूर ठेवले होते, हे ज्येष्ठांना आठवत असेल. 'मानापमाना'च्या १९११ मधील चाली गोविंदराव टेंबे यांनी बांधल्या, त्यांत ठुमरी-दादऱ्याचे जे रंग आहेत ते कोठीवरच्या आणि बैठकीतल्या गायिकांनी जपलेले. त्यांची पदे आपण देवघराशेजारी बसून ऐकली; त्या गायिकांपैकी किती जणींना आपण ओसरीवर बसवले असते? आणि आपली स्वतःची मराठी? दोन-अडीचशे वर्षे परमुलखात राहून तिला शेजारच्या भाषांचा रंग चढला, म्हणून कोणी हसले की आपण खंतावतो. मात्र घरातल्या सुनेने किंवा नातवाने एखादा नवा शब्द आणला, की तोच पहारा आपण बसवतो.

म्हणून ती जुनी म्हण आम्ही आमच्यापुरती थोडी बदलून घेतली आहे. नदीचे मूळ शोधावे. मात्र पाण्याचा कस ठरवण्यासाठी नव्हे, ते कोणाकोणाच्या शेतातून वाहत आले हे कळावे म्हणून. शास्त्रकारांनी ऋषिऋण सांगितले, ते अभ्यासाने फिटते म्हणतात. ज्यांना कोणी ऋषी म्हटले नाही त्यांचे ऋण मात्र निदान त्यांची नावे घेऊन मान्य करावे लागेल. पुढच्या श्रवणसंध्येत पदाबरोबर चालीचा उगमही सांगावा, अशी सूचना आम्ही मंडळापुढे मांडणार आहोत. काकूंनी अनुमोदन द्यायचे कबूल केले आहे.