ओळख आहे का?

मराठीत ‘ओळख’ हा एकच शब्द दोन ठिकाणी नोकरी करतो. कार्डावर बारा आकड्यांनी छापलेली असते तीही ओळख, आणि रस्त्यात भेटल्यावर ‘काय, बरेच दिवसांत दिसला नाहीत?’ म्हणणाऱ्याशी असते तीही ओळखच. पूर्वी कचेरीतल्या कामासाठी ‘ओळख आहे का?’ असं कुणी विचारलं, तर साहेबाशी आहे का, असा त्याचा अर्थ असे. आता त्याच प्रश्नाला खिशातून कार्ड काढावं लागतं.

‘कोऽहम्’, म्हणजे मी कोण, हा प्रश्न आपल्या ऋषिमुनींनाही पडला होता. पण त्यांना खिसाच नव्हता, त्यामुळे तो कापला जाण्याची भीती नव्हती. हा प्रश्न त्यांना झाडाखाली, पद्मासन घालून, निवांत सोडवता आला. मध्यमवर्गीय माणसाला तो पाकीट मारलं गेल्यावर, बँकेच्या काउंटरपुढे, मागच्या माणसाचा श्वास मानेवर घेत सोडवावा लागतो.

माझं पाकीट मालाड स्टेशनाबाहेर, मढच्या बसच्या रांगेत गेलं. आत तीनशे चाळीस रुपये, बँकेचं कार्ड, त्या दिवशी कामासाठी घेतलेलं पॅन आणि आधार, आणि सौ.नं दिलेली वाणसामानाची यादी होती. पैशांचं दुःख मी संध्याकाळपर्यंत उरकलं. फोन दुसऱ्या खिशात होता, त्यावरून बँकेला कळवून कार्ड बंद केलं, वस्तू हरवल्याची पोलिसांकडची ऑनलाइन नोंद केली. सौ. म्हणाली, “अहो, यादी गेली ती बरी झाली. साबण लिहायचा राहिला होता.”

रात्री मात्र झोप येईना. बँकेचं कार्ड नवं मिळालं की त्याचा नंबर बदलतो, जुनं कार्ड मेलं. आधार आणि पॅन यांचं तसं नाही. ती पुन्हा छापून मिळतात, पण नंबर तोच! म्हणजे माझं नाव, जन्मतारीख आणि पत्ता घेऊन माझ्यासारखाच एक गृहस्थ मुंबईत हिंडायला मोकळा. उद्या त्यानं माझ्या नावावर सिम कार्ड घेतलं, कर्ज काढलं, तर वसुलीवाला येणार माझ्या दारी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमात दुसऱ्याची अशी ओळख लबाडीनं वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण त्यासाठी तो सापडायला हवा. मी तर पत्त्यासकट सापडलेलोच!

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. खिडकीतल्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, “सर, ओळखपत्र?”

“तेच तर चोरीला गेलंय.”

“हो सर, पण ते तुमचंच गेलंय, हे कशावरून?”

आदि शंकराचार्यांनीही या प्रश्नावर दोन मिनिटं डोळे मिटले असते. गंमत अशी, की त्या क्षणी चोराजवळ तो ‘मी’ असल्याचे तीन पुरावे होते, माझ्याजवळ एकही नव्हता. चोरी त्यानं केली आणि खरेपणा सिद्ध करायची पाळी माझ्यावर आली.

परतताना मढच्या बाजारात मासेवाल्या मावशींपुढे रिकामा खिसा दाखवला. तिनं पिशवीत बोंबील टाकले आणि म्हणाली, “पैसे उद्या दे रे भाऊ. वळखते मी तुला.” ना फोटो, ना अंगठा! खरी ओळख ती हीच, कार्डबिर्ड सगळं झूट, असा निष्कर्ष काढून मी डोळे पुसणार होतो. पण ‘भाऊ’ या शब्दाशी अडलो.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे ‘मीच तो भाऊ’ म्हणणारा एक इसम उभा राहिला. तो तोतया ठरला, कैदेत पडला. पण १७७६ साली रत्नागिरीहून सुटला आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले. लोक त्याच्यामागे गेले. तेव्हा कार्ड नव्हतं, ओळख होती ती माणसांच्या डोळ्यांत. आणि भाऊ परत यावेत असं त्या डोळ्यांना पंधरा वर्षं वाटत होतं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर पतीचं मरण कधी मानलंच नाही. शेवटी समुद्रातून पळताना तो रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. तोच समुद्र आमच्या मढच्या किल्ल्यावरून दिसतो, म्हणून हा तोतया मला जरा शेजारचाच वाटतो.

तेव्हा नुसत्या डोळ्यांवर विसंबणंही खरं नाही. शिवाय, जिची साहेबाशी ओळख नाही तिनं काय करायचं? देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या खेड्यात एका बाईला मिळालं. कचेरीत जिला कुणी ओळखत नाही तिला कागद लागतोच. मासेवाल्या मावशींनासुद्धा बँकेत कर्ज काढायचं तर माझी ओळख चालायची नाही.

मग मी शहाण्या माणसाची कामं केली. आधारचे बोटांचे ठसे फोनवरून कुलूपबंद केले. शेवटचे चार आकडेच दिसतात तसं झाकलेलं आधार काढून घेतलं. माझ्या नावावर कुठलं कर्ज निघालं आहे का, ते वर्षातून एकदा फुकट मिळणाऱ्या पत-अहवालात पाहिलं. पैशांची ऑनलाइन फसवणूक झालीच तर फिरवायचा १९३० हा नंबर फ्रिजवर चिकटवला. झेरॉक्स देताना तिच्यावर काम आणि तारीख लिहायला लागलो.

तेवढ्यात एक दिवस चण्याची पुडी उलगडली, तर आत एका अनोळखी बाईंचा फोटो, सही आणि पॅन नंबर! कुठल्याशा कचेरीची रद्दी. त्या बाईंचं पाकीट कुणी मारलं नव्हतं. त्यांनी कागद विश्वासानं दिला होता, आणि घेणाऱ्यानं तो किलोवर विकला. माझ्या चोरानं निदान रांगेत उभं राहून मेहनत तरी केली. स्वतःची ओळख जपायला भीती पुरते. दुसऱ्याची ओळख आपल्या कपाटात असताना ती जपायची, तर त्याला थोडी सभ्यता लागते. आणि तिच्यासाठी कुठलं कार्ड अजून निघालेलं नाही.

मी ती पुडी बारीक फाडली, चणे कागदाशिवाय खाल्ले आणि सोसायटीच्या सभेत मुद्दा मांडला : आपल्या कपाटात सभासदांच्या, भाडेकरूंच्या, मोलकरणींच्या दहा वर्षांच्या झेरॉक्स पडल्या आहेत, ज्यांची गरज नाही त्या फाडून टाकू या. चिटणिसांना सूचना फार आवडली. ते म्हणाले, “उत्तम! तसा लेखी अर्ज द्या. आणि हो, सोबत आधारची एक झेरॉक्स जोडा.”