हंगाम बंद असताना

हिमाचलातल्या ट्राउट माशांच्या नद्या १ नोव्हेंबरला बंद होतात आणि मार्च लागला की उघडतात. बंद म्हणजे त्या चार महिन्यांत कुणी गळ टाकायचा नाही. ब्राउन ट्राउट याच थंडीत नदीतल्या बारीक गोट्यांमध्ये अंडी घालते, तेव्हा तिला निवांतपणा हवाच. आपल्या मध्य प्रदेशात ही बंदी पावसाळ्यात असते, १६ जून ते १५ ऑगस्ट, कारण रोहू-कतल्याची वीण तेव्हाची. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. पण त्या दिवसांत कुठल्याही कोळीवाड्यात जाऊन पाहा. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि ओसरीवर जाळी पसरलेली असते. फाटलेलं सांधायचं, विरलेलं बदलायचं, हे सगळं नारळी पौर्णिमेच्या आत उरकायचं असतं. मासा घरात येतो ऑगस्टमध्ये, पण त्याची खरी सुरुवात या ओसरीवर झालेली असते. मला वाटतं, माणसाचं एखाद्या कामावर किती प्रेम आहे हे ते काम बंद असतानाच नीट कळतं.

आमच्या कंपूत एक काका आहेत. निवृत्त झाल्यापासून ते दर वसंतात हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जातात, रीतसर परवाना काढून ट्राउट पकडतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. त्यासाठी लागणाऱ्या फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेल्या खोट्या माश्या, ते घरीच करतात. ग्वाल्हेरच्या डिसेंबरात धुकं निवळलं की त्यांची खुर्ची गच्चीवर उन्हात येते. पुढ्यात एक बुटकं टेबल. त्याच्या कडेला छोटा व्हाइस आवळलेला आणि त्याच्या जबड्यात गव्हाच्या दाण्याएवढा गळ. आधी गळाच्या दांडीवर रेशमासारखा बारीक दोरा गुंडाळायचा. मागे शेपटीसाठी पिसाचे तीन-चार केस. मग मोरपिसाच्या दांडीवरचा एकच तंतू घेऊन वेढे द्यायचे, की माशीचं हिरवट काळं, चमकतं अंग तयार होतं. मुरैनाकडच्या शेतांत मोर भरपूर. पावसाळा सरताना त्यांची पिसं आपोआप झडतात, आणि काका तेवढीच वेचून आणतात. शेवटी कोंबड्याच्या मानेचं पीस गोल फिरवलं की त्याचे ताठ केस चहूबाजूंना उभे राहतात. याच केसांवर माशी पाण्यात न बुडता तरंगते. पूर्वी आमच्या घरांतून बायका चातुर्मासाच्या आधी वाती वळत बसायच्या, तीच बोटांची चाल इथे दिसते. सैल वळलं तर सुटतं, जास्त पिळलं तर तुटतं. काका एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी तपासतात. गळाच्या डोळ्याजवळ थोडी जागा मोकळी राहिली पाहिजे. माशी सजवण्याच्या नादात ती जागा भरून गेली, तर नदीवर गार पडलेल्या बोटांनी दोरा ओवताच येत नाही. त्यामुळे पुढ्यातली माशी कितीही देखणी झालेली असो, डोळा बुजला असेल तर ती उसवून पुन्हा बांधायची. ते हे अगदी शांतपणे करतात. घाई कसली? मार्च अजून लांब आहे.

फ्लाय बाजारात तयार मिळतात, आणि चांगल्या मिळतात. तरीही घरी का बांधायच्या, याचं कारण मला हळूहळू उमगलं. विकत घेणारा माणूस माशी बघतो. बांधणाऱ्याला नदी बघावी लागते. पाण्याजवळ कुठला किडा कोणत्या दिवसांत असतो, त्याचं पोट पिवळट की करडं, तो पाण्यावर पंख उभे धरून बसतो की आडवे, हे ठाऊक नसेल तर बांधणार काय? मेफ्लाय नावाचा एक नाजूक कीटक आहे. त्याच्या कित्येक जाती वर्षभर पाण्याखाली दगडांच्या आडोशाला वाढतात. पंख फुटून बाहेर आल्यावर मात्र एखाद-दोन दिवसच जगतात. त्या अवस्थेत त्यांना खाण्यापुरतं तोंडही उरलेलं नसतं. ट्राउटला हे सगळं माहीत असतं. तिला फसवायचं तर आपल्यालाही माहीत हवं. ही ओढ फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमाराला एलियन नावाच्या लेखकानं मॅसिडोनियातल्या नदीवरच्या कोळ्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधत. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फ्रँक सॉयर नावाचा एक माणूस एव्हन नदीची राखण करायचा. त्यानं पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी माशी फक्त दोन वस्तूंत बसवली, फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार. दोरा त्यानं वापरलाच नाही. तारच पिसं बांधून ठेवते आणि तिच्याच वजनानं माशी खाली जाते. नदी रोज निरखून पाहणाऱ्यालाच एवढं साधं काही सुचतं. आमचे काकाही ही माशी करतात. तार त्यांना मोटर वाइंडिंगच्या दुकानातून मिळते. दुकानदाराला ते तुकडे टाकायचेच असतात. बंद हंगामात नदीपासून इतक्या लांब, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका गच्चीवर बसून हा माणूस तीर्थनचं पाणी रोज डोळ्यांपुढे आणतो. त्यामुळे मार्चमध्ये तिथे पोचल्यावर त्याला नदीची नव्यानं ओळख करून घ्यावी लागत नाही. मासा मिळाला नाही तरी त्याचा चेहरा उतरत नाही, कारण त्याचा अर्धा आनंद हिवाळ्यातच पदरात पडलेला असतो.

आपल्यापैकी फार थोड्यांना मासे पकडायचे असतात. पण बंद हंगाम प्रत्येकाच्या वाट्याला येतो. गाणाऱ्याचा आवाज बसतो. शिक्षिकेला उन्हाळ्याची सुट्टी लागते. मुलगी परगावी शिकायला जाते आणि दिवाळीपर्यंत घरी येणार नसते. बदलीचा हुकूम येईपर्यंत माणूस अधांतरी असतो. अशा दिवसांत आपण बहुधा नुसती वाट बघतो, आणि वाट बघून थकतो. त्यापेक्षा जे पुढे येणार आहे त्यासाठी रोज थोडंसं काही हातानं करावं. आवाज बसलेल्यानं वहीतल्या बंदिशी स्वच्छ अक्षरात उतरून काढाव्यात. शिक्षिकेनं जूनमध्ये लागणारे तक्ते मे महिन्यात रंगवावेत. मुलीसाठी एखादी गोधडी शिवायला घ्यावी, आठवड्याला एक पट्टी झाली तरी चालेल. यातलं काहीच तातडीचं नाही, आणि म्हणूनच ते मन लावून करता येतं. उद्याच हवं असलेलं काम आपण उरकतो, चार महिन्यांनी लागणारं काम मात्र निगुतीनं करतो. चुकलं तर उसवायला वेळ असतो. एकदम खूप करायचीही गरज नाही. काका एका बैठकीत दोन-तीन माश्याच बांधतात. डोळे थकले की डबी मिटून खाली येतात आणि चहा टाकतात. तुमचाही एखादा हंगाम सध्या बंद असेल. आज कामावरून परतल्यावर त्याची पेटी, वही किंवा पिशवी माळ्यावरून खाली काढा आणि हाताशी येईल अशा जागी ठेवा. जेवणाआधीची पंधरा मिनिटं तिला द्या, आणि उद्याही द्या.