वाटून घेतलेले दिवस आणि मुलांचा नफका



जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत विचारला जाणारा एक प्रश्न अलीकडे वारंवार कानी येतो. पिता लातूरला, माता तलाकनंतर नांदेडला माहेरी. मूल शाळेच्या दिवसांत आईकडे, सुट्ट्यांत आणि ईदला वडिलांकडे. पिता विचारतो, “मूल जवळजवळ अर्धा काळ माझ्याकडेच असते. मग त्याचा खर्च मी अर्धाच द्यावा ना?”

या प्रश्नात दोन निराळ्या बाबी एकत्र मिसळल्या आहेत. मुलाचा सांभाळ, ज्याला शरीअतमध्ये हिजानत म्हणतात, ही एक. आणि त्याच्या निर्वाहाचा खर्च, म्हणजे नफका, ही दुसरी. हिजानत कुणाकडे असावी याचा विचार मुलाच्या वयावरून व हितावरून होतो. हनफी मतानुसार मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत मातेचा हक्क अग्रक्रमाचा आहे. नफक्याची जबाबदारी मात्र मूल कुणाच्या छताखाली झोपते यावर ठरत नाही. सूरह अल-बकराच्या 233 व्या आयतीत दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर ठेवला आहे, आणि मुलाच्या निमित्ताने ना मातेला त्रास व्हावा ना पित्याला, असा आदेश त्याच आयतीत आहे. सूरह अत्-तलाकमध्ये तर हे सर्व विभक्त झालेल्या दांपत्याच्या संदर्भातच आले आहे. ऐपत असलेल्याने ऐपतीप्रमाणे द्यावे, ज्याची उपजीविका बेताची त्याने अल्लाहने दिलेल्यातून द्यावे. येथे माप पित्याच्या कुवतीचे आहे, दिवसांचे नाही.

आता व्यवहार पाहू. मूल पंधरा दिवस लातूरला राहिले म्हणून नांदेडच्या खोलीचे भाडे निम्मे होत नाही. शाळेची फी, वह्या-पुस्तके, शिकवणी वर्ग, गणवेश, औषधे यांचेही तसेच. कमी होते ते त्या दिवसांचे दूध-भाजी-भाकरीचे. तेवढ्यापुरती तडजोड दोघांच्या संमतीने करण्यास हरकत नाही. पण निम्मा नफका कापणे म्हणजे आईच्या घरात मुलाला निम्मे उपाशी ठेवणेच होय. आई शिक्षिका वा परिचारिका असली, तरी तिच्या पगारामुळे पिता मुक्त होत नाही. तिने दिले तर तो तिचा उपकार. तिने दुसरा निकाह केला, तर हिजानतीचा तिचा अग्रक्रम जाऊ शकतो, परंतु नफका पित्याकडेच राहतो. सावत्र पित्यावर तो येत नाही.

शेतकरी पित्याची अडचण खरी आहे. सोयाबीन बाजारात गेल्याशिवाय त्याच्या हाती पैसा येत नाही. त्याने सुगीला सहा महिन्यांचे एकदम द्यावे, किंवा धान्य-डाळ घरपोच करावी. शरीअत मासिक हप्त्याचा हट्ट धरत नाही, मुलाची गरज भागण्याचा धरते.

हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी तक्रार केली की पती अबू सुफियान पुरेसे देत नाहीत. तेव्हा प्रेषित (स.) यांनी स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके त्यांच्या नकळतही घेण्याची मुभा दिली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. मुलाच्या पोटाचा हक्क किती पक्का मानला गेला, हे यावरून कळते.

दुसरीकडे, पैसे आले नाहीत म्हणून पित्याला मूल दाखवायचे नाही, असे काही माता व त्यांचे भाऊ ठरवतात. हेही चुकीचेच. भेट हा मुलाचाही हक्क आहे. नफका थकला तर तो मागण्याचे मार्ग आहेत. आणि “भेटू देत नाहीत, मग पैसे कशाला” हे पित्याचे उत्तर तितकेच चुकीचे. हजरत उमर (रजि.) यांचा पुत्र आसिम याच्या ताब्याचा वाद हजरत अबू बकर (रजि.) यांच्यासमोर गेला, तेव्हा निर्णय उमर (रजि.) यांच्या विरुद्ध लागला. त्यांनी तो निमूट स्वीकारला. आपल्याकडच्या बैठकांत असे क्वचित घडते.

खुलाच्या वेळी “मुलांचा खर्च मागणार नाही” असे स्त्रीकडून लिहून घेण्याची प्रथा तर फार घातक आहे. माता निर्धन असेल तर असा करार असूनही पित्याला खर्च द्यायला लावावे, असे हनफी फुकहांनीच म्हटले आहे. देशाचा कायदाही याच बाजूला उभा आहे. 1986 च्या कायद्यात मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांचाच उल्लेख असल्याने पुढचे काही देणे नाही, असा युक्तिवाद होत असे. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये तो फेटाळला; मुस्लिम मुलांचा पोटगीचा हक्क ती सज्ञान किंवा स्वावलंबी होईपर्यंत आणि मुलींचा विवाहापर्यंत आहे, असे ठरवले. लातूरच्याच एका प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने मे 2002 मध्ये सांगितले की पोटगीच्या दाव्याला उत्तर देताना “पूर्वीच तलाक दिला आहे” एवढे लिहिणे पुरेसे नाही. तो सिद्ध करावा लागतो. आणि 2020 पासून पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, तेव्हा तारखा लांबवून फायदा होत नाही.

तथापि न्यायालयाआधी दोन्ही घरांतील समंजस माणसांनी बसावे. कोणते दिवस मूल कुठे राहील, आणि महिन्याला किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हे दोन वेगळ्या कागदांवर लिहावे. एका कागदावरची अट दुसऱ्याला बांधू नये. फी परस्पर शाळेत भरावी. दरवर्षी शाळा सुरू होण्यापूर्वी रकमेचा फेरविचार करावा, कारण पहिलीतल्या मुलाची गरज आठवीत तेवढीच राहत नाही.