मराठी छान बोलता हो!

संमेलन म्हटलं की काही माणसांच्या अंगात येतं. मी त्यांतलाच. पण म्हसळ्यात तीस वर्षं मराठी शिकवलेल्या मास्तरला संमेलनवाले बोलावतात ते बहुधा सतरंज्या मोजून घ्यायला. त्यामुळे पुण्याच्या एका जुन्या वर्गबंधूचा फोन आला, "अरे, आमच्या ख्रिस्ती लेखकांचा मेळावा आहे, दोन दिवस ये. पाहुणा म्हणून पाच मिनिटं बोल," तेव्हा मी त्या पाच मिनिटांसाठी सतरा पानं लिहून काढली. विषय: 'साहित्य, धर्म आणि मानवता'. तिन्हींबद्दल फारशी माहिती नसल्यामुळे लेखणी कुठं अडली नाही.

"तिथं जाऊन त्यांना शिकवत बसू नका," असं निघताना ही म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

माणगाव सोडून एसटी ताम्हिणी घाट चढू लागली, तसा मी मनातल्या मनात उदार होत गेलो. आपण त्यांना परकं मानत नाही, हे त्यांना जाणवलं पाहिजे, वगैरे. तिथलं चित्रही मी तयारच ठेवलं होतं: पांढरे झगे, मेणबत्त्या, हलक्या आवाजातल्या चर्चा आणि इंग्रजीवरून उतरवल्यासारखं मराठी.

प्रत्यक्षात सभागृहात शिरलो तर घंटा दोनदा वाजूनही एक कवी थांबायला तयार नव्हते. त्यांच्या हातातला कागद संपला, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि त्यांनी खिशातून दुसरा काढला. दोन समीक्षकांचं तिसऱ्यावरून बिनसलं होतं आणि तो तिसरा चहाच्या रांगेत त्या दोघांबद्दल बोलत होता. पुस्तकांच्या टेबलाशी गर्दी भरपूर. चाळणारे सगळे, पाकीट काढणारा कुणी नाही. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सुरुवातीला प्रार्थना झाली म्हणे, पण आपल्याकडे ईशस्तवन कुठं चुकतं!

दुपारच्या चर्चेचा विषय 'आपण कुणासाठी लिहितो' असा होता. एक वयस्कर गृहस्थ उठून म्हणाले, "मला संपादकांचा फोन येतो तो नोव्हेंबरात. नाताळवर लिहा म्हणतात. उरलेलं वर्षभर मला सर्दी, कर्ज, जावई यांतलं काही नसतं, असं वाटतं की काय त्यांना?" लोक हसले. मीही हसलो. माझा त्यात काही संबंध नाही, अशा खात्रीनं जरा मोठ्यानंच हसलो.

मग वसईच्या एका बाईंनी आपल्या आजीवरची कथा वाचली. कथा सुरेख होती. विहीर, वाडी, आजीचा हेका, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. जेवणाच्या रांगेत त्या नेमक्या माझ्या पुढे. मी भारावून म्हणालो, "बाई, कथा फार आवडली. आणि खरं सांगू? तुम्ही मराठी किती छान बोलता हो!"

त्या हसल्या. "थँक्यू," म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा. कुठं शिकलात?"

"म्हणजे? माझी मातृभाषाच आहे!"

"हो का?" म्हणून त्या आमटी वाढून घ्यायला पुढे गेल्या.

माझ्या घशाखाली पोळी उतरेना. आठवू नये ते सगळं तेव्हाच आठवायला लागलं. फादर स्टीफन्स हा इंग्रज गोव्यात आला आणि त्यानं ओवीछंदात 'क्रिस्तपुराण' रचलं. दहा हजारांहून अधिक ओव्या. 1616 साली ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. त्यातल्या मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या मीच दर 27 फेब्रुवारीला मुलांकडून घोकून घेत आलो. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', साल 1857, हे मीच फळ्यावर लिहायचो. शब्द अडला की मोल्सवर्थ उघडायचो. आणि लक्ष्मीबाई टिळक? 'स्मृतिचित्रे' आपली म्हणताना, 1933 साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या, हे मी सोयीनं विसरलो होतो. ज्यांच्या भांड्यांत स्वयंपाक करायचा, त्यांनाच 'वा, तुम्हाला पळी धरता येते की!' म्हणण्यातली गत.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली तेव्हाच्या उस्मानाबादला अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्याआधी त्यांच्या निवडीवरून वाद झाला होता. म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर चहा पिताना मी त्यांची बाजू हिरिरीनं लढवली होती. "अहो, पण ते मराठी किती उत्तम बोलतात!" हा माझा हुकमाचा मुद्दा होता. चार माणसांनी माना डोलावल्या होत्या. त्या माना आता टोचू लागल्या.

रात्री वर्गबंधू म्हणाला, "जाऊ दे रे, तुझा हेतू चांगला होता." हेतू चांगला होता, हे खरंच. पण तीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला शाबासकीचं गणित कळतं. पस्तीसची आशा नसलेल्या पोराला साठ पडले की आपण पाठ थोपटतो. नव्वदवाल्याला साठ पडले की कान धरतो. जोशी आडनावाच्या कुणालाही मी आजवर 'मराठी छान बोलता' म्हटलेलं नाही. त्यांतले काही जण फार वाईट बोलतात.

दुसऱ्या दिवशी मी बाईंची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "तशी तुमची तारीफ अगदीच चुकीची नाही हं. आमच्या घरी कादोडी बोलतात. शाळेतलं मराठी मी मेहनतीनं शिकले, मार खाऊन. तुमच्या घरी?" आमच्या घरी, घाटावर, आई जे बोलायची ते मी वर्गात बोललो असतो तर इन्स्पेक्टरनं माझी बदली केली असती. तेही मी सांगितलं. मग त्या आजीच्या शिव्या सांगू लागल्या, मी आईच्या सांगितल्या. माझी पाच मिनिटं आली तेव्हा सतरा पानं खिशातच ठेवून मी दीड मिनिटात खाली बसलो. टाळ्या कडकडून पडल्या. त्या कशासाठी, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

म्हसळ्याला उतरलो आणि घरी जायच्या आधी पेठेतल्या किराणा दुकानात शिरलो. दुकानाचे शेठ कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथले, म्हसळा जंजिऱ्याच्या नवाबाकडे होतं तेव्हापासूनचे. मी इथं आलो तो बदलीवर. आणि गेली तीस वर्षं त्यांच्या दुकानात साखर घेताना, 'शेठ, तुमचं मराठी म्हणजे अगदी शुद्ध हं!' हे मीच म्हणत आलो.

"शेठ," मी विचारलं, "मी तसं म्हणायचो त्याचा कधी राग आला का हो?"

"राग कसला, सर? आनंदच व्हायचा," ते तराजूतली डाळ सारखी करत म्हणाले. "तुम्ही रस्त्यात दिसलात की मी पोराला सांगायचो, सर येतायत, नीट पुस्तकातलं बोल."

म्हणजे तीस वर्षं हे गृहस्थ काउंटरमागं उभे राहून मला तोंडी परीक्षा देत होते, आणि मी डाळ-तांदळाबरोबर मार्क देत होतो! मागं त्यांचा भाऊ हमालाशी मोकळ्या, गोड कोकणी बोलीत भांडत होता. तसं काही शेठ माझ्याशी बोललेलं मला आठवेना.

"आता माझ्याशीही तसंच बोला की," मी म्हणालो.

शेठनी तोंड उघडलं. मग थांबले, हसले, पुडीचा दोरा तोडला.

"नाही जमत, सर," ते म्हणाले. "तुमच्यासमोर तोंडात येतच नाही ते."