कोनाड्यातली वजरी

सांगलीतल्या एका जुन्या घरात माणसं पाच आणि न्हाणीघर एक. न्हाणीघराच्या कोनाड्यात पितळेची वजरी असायची, आजीच्या सासूबाईंच्या वेळची. ज्याची अंघोळ, त्याच्या टाचेला ती.

मुक्ता शाळेकडून पोहायला जायची. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या तळपायाला, अंगठ्यामागच्या उंचवट्यावर, एक खरखरीत ठिपका उठला. चालताना खडा रुतल्यासारखं व्हायचं. निरखून पाहिलं तर आत काळे बिंदू दिसायचे. स्पर्धा जवळ आली होती. सांगितलं तर पोहणं बंद करतील, या धास्तीनं तिनं कुणाला पाय दाखवलाच नाही.

काळे बिंदू म्हणजे मुळं, ती उपटली की सुटलो, अशी तिची समजूत. रात्री सगळे निजले की ती वजरीनं तळपाय खसाखसा घासायची. एकदा तर तिनं बाबांचं दाढीचं पातं घेतलं. बिंदूबिंदूतून रक्त आलं. तिनं पाय धुतला, वजरी विसळली आणि कोनाड्यात ठेवून दिली.

दिवाळीपर्यंत एकाचे पाच झाले. मग एके सकाळी धाकटा ओंकार लंगडताना आजीला दिसला.

"काटा मोडलाय का रे?"

"नाही आजी. ताईला झालंय ना, तसंच झालंय."

आजीनं मुक्ताकडे पाहिलं. मुक्ताची मान खाली. आजी एवढंच म्हणाली, "उद्या तिघंही दवाखान्यात जाऊ. माझंही कुरूप दाखवायचंय."

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी आजीचा आणि नातीचा पाय शेजारी शेजारी ठेवायला सांगितला. "आजींचं हे कुरूप. चपलेच्या दाबानं कातडी घट्ट होऊन झालेलं. कुरूप एरवी सरळ दाबलं की दुखतं, पण एकाचं दुसऱ्याला होत नाही. मुक्ताची ही चामखीळ. ही दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की कळ येते. तळव्यावरच्या रेषा बघ, चामखिळीपाशी येऊन तुटल्यात. आणि हे काळे बिंदू मुळं नव्हेत, बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त आहे."

"मग हे होतं कशानं?" आजीनं विचारलं.

"एचपीव्ही नावाच्या विषाणूनं. पाण्यानं मऊ पडलेल्या कातडीला बारीकशी चीर असली की तेवढ्यातून तो आत शिरतो. तरणतलावाची ओली फरशी, दुसऱ्याचा टॉवेल, कुठूनही. दिसायला आठवडे लागतात, कधी महिने. घरात पाय कशानं घासता?"

कुणीच बोललं नाही. मुक्ताच्या डोळ्यांपुढे तो कोनाडा आला. आजीला मधुमेह होता. तळवे इतके बधिर झाले होते की खडा रुतला तरी तिला कळत नसे, आणि टाचांना भेगा होत्या. त्या भेगांवर तीच वजरी रोज फिरत होती.

"आजी, तुमच्या पायात चामखीळ नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुम्ही पातं, आम्ल, कुरूपाच्या पट्ट्या, यातलं काहीही आपल्या मनानं वापरायचं नाही. जखम झालेली कळायची नाही आणि लवकर भरायचीही नाही."

मुक्ताला रडू फुटलं. "आजी, मी तुझीच वजरी वापरत होते गं."

आजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "वापरलीस त्याचं काही नाही, बाळ. बोलली नाहीस, त्याचं वाईट वाटलं."

ओंकारला वजरीतून लागलं की ओल्या फरशीवरून, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. उपचार मात्र साधा निघाला. रोज रात्री पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवायचा, मेलेली पांढरी कातडी अलगद घासायची, भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावून सॅलिसिलिक आम्लाचं औषध नेमकं चामखिळीवर लावायचं. आग झाली तर दोन दिवस थांबायचं. असं १२ आठवडे. नाहीच हटली तर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं गोठवता येते. पण ते दुखतं, म्हणून आधी हे. मुलांच्या बऱ्याच चामखिळी तर वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातात.

उठता उठता मुक्तानं भीत भीत विचारलं, "माझं पोहणं?"

"ते कशाला बंद? पाणी न शिरणारी पट्टी लाव, काठावर चप्पल घाल, टॉवेल तुझा तूच वापर. झालं."

सहा महिने जिच्यापायी तिनं पाय लपवला, ती भीती एका वाक्यात संपली.

आजीनं पितळेची वजरी घासूनपुसून कपाटात ठेवली. कोनाड्यावर पाच खिळे ठोकले गेले; प्रत्येकाची वजरी वेगळी, दोऱ्याचा रंग वेगळा. कधी कंटाळा आला तर ओंकारच आठवण करून द्यायचा, "ताई, पाणी गरम झालंय." फेब्रुवारी संपता संपता दोघांच्या तळव्यांवरच्या रेषा पुन्हा सरळ धावू लागल्या.

उन्हाळ्यात तलावाच्या काठावर एक छोटी मुलगी एका पायावर दुसरा पाय दाबून उभी होती. मुक्तानं ते उभं राहणं ओळखलं. ती शेजारी बसली, चप्पल काढली आणि आपला तळवा वर केला.

"माझ्या इथं होती. पाच. तू घरी सांगितलंस?"

मुलीनं मान हलवली. मग हळूच तिनं दाबलेला पाय पुढे केला.

तात्पर्य : लपवलेलं दुखणं एका जागी राहत नाही, ते आपल्या माणसांपर्यंत चालत जातं. वेळेवर सांगणं हा पहिला उपचार, आणि रोज थोडा धीर हा दुसरा.