किती छाटायचं?



आज गीतेचा सहावा अध्याय, श्लोक १६-१७. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच उपाशी राहणाऱ्यालाही नाही.

वाचताना सांगोल्याच्या डाळिंबबागा आठवल्या. बहार धरताना तिथे आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग हलकी छाटणी, मग खत-पाणी. बुंध्यातून येणारे सरळसोट फुटवे काढतात, कारण ते झाडाचं बळ खातात. दाटी कमी झाली की आत ऊन-वारा खेळतो, फळ चांगलं पोसतं.

पण डाळिंबाला फळ येतं ते मुख्यतः जुन्या, पक्व काडीवरच्या आखूड फांद्यांवर. जास्त छाटलं तर त्या जागाच जातात. झाड हिरवंगार दिसतं, फळं मात्र मोजकीच.

त्यागाचंही तसंच आहे ना? रील्स सोडणं ठीक. पण साधनेत व्यत्यय नको म्हणून आईचा फोनही टाळला, तर उरते फक्त 'मी किती सोडलं' याची पालवी. प्रेम, जबाबदारी ही आपली जुनी काडी. भक्ती तिथेच फळते.

म्हणून काही सोडताना मी स्वतःला विचारतो: हा फुटवा आहे की फळाची काडी? आज तुम्हीही विचारून बघा.